टारावेराच्या वाटेवर

सडक माणसे आखून बांधतात. पायवाट मात्र पायांनीच घडते. एक जण गवत तुडवून पुढे जातो, त्याच्या मागून दुसरा जातो, मग तिसरा. काही वर्षांनी त्या ठिकाणी मातीची एक रेघ उमटते आणि लोक तिला वाट म्हणू लागतात. म्हणून कोणत्याही जुन्या पायवाटेवर आपण एकटे कधीच नसतो. आपल्या आधी तेथून गेलेल्या माणसांचे सुखदुःख त्या मातीत मिसळलेले असते.

अशाच एका वाटेची ही हकीकत आहे. ही वाट आपल्या देशापासून फार दूर, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर आहे. ती उंच झाडांच्या राईतून निघते, निळ्या सरोवराच्या काठाने जाते, मातीखाली गाडल्या गेलेल्या एका गावाला स्पर्श करते आणि अखेर वाफाळणाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबते. आज देशोदेशींचे लोक या प्रदेशात धावण्यासाठी येतात. आपणही मनाने त्यांच्याबरोबर धावू या.

प्रथम ही भूमी कशी घडली ते पाहिले पाहिजे. न्यूझीलंडच्या पूर्वेस प्रशांत महासागराचा तळ हळूहळू सरकत बेटाच्या खाली जात आहे. खोल गेल्यावर त्या तळाबरोबर गेलेले पाणी बाहेर पडते व वरच्या तप्त खडकात शिरते. त्यामुळे तो खडक वितळू लागतो. अशा रीतीने तयार झालेला शिलारस वर येतो आणि भूपृष्ठ फोडून बाहेर पडतो. उत्तर बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखींचा एक लांब पट्टा आहे, तो असाच निर्माण झाला. या पट्ट्यात रोटोरुआ नावाचे शहर असून त्याच्या आसपास लहानमोठी अनेक सरोवरे आहेत.

ही सरोवरे कशी झाली? आपल्याकडे पूर्वी जमिनीत पेव खणून धान्य साठवीत. पेव रिकामे झाले आणि त्याचा माथा कच्चा असला, तर वरची माती ढासळून आत पडे. ज्वालामुखीचेही कधी कधी तसेच होते. प्रचंड उद्रेकात पोटातील शिलारस बाहेर फेकला गेला, की वरच्या जमिनीचा आधार सुटतो, ती खाली बसते व तेथे विस्तीर्ण खळगा पडतो. त्यात पावसाचे व झऱ्यांचे पाणी साठून सरोवर बनते. रोटोरुआ सरोवर असेच आहे. त्याचा खळगा दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी पडला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस किलोमीटर आहे. काही सरोवरे निराळ्या रीतीने झाली. वाहत आलेल्या लाव्हाने दरीचे तोंड बंद केले आणि धरणामागे साठावे तसे पाणी तेथे साठून राहिले.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी माओरी लोक होत. त्यांच्यापैकी टे अरावा या जमातसमूहाचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी होडीतून समुद्र ओलांडून येथे आले. सरोवरांना नावे त्यांनीच दिली. माओरी भाषेत ‘रोटो’ म्हणजे सरोवर. ‘रोटोरुआ’ म्हणजे दुसरे सरोवर, ‘रोटोइटी’ म्हणजे लहान सरोवर, ‘रोटोमाहाना’ म्हणजे ऊन पाण्याचे सरोवर आणि ‘रोटोकाकाही’ म्हणजे शिंपल्यांचे सरोवर. नाव कळले, की सरोवराचा स्वभावही कळतो.

आपली धाव फाकारेवारेवाच्या वनातून सुरू होते. या वनात कॅलिफोर्नियातील रेडवुड जातीची झाडे १९०१ साली लावण्यात आली. मायदेशापेक्षाही येथे ती झपाट्याने वाढली. त्यांचे तांबूस बुंधे देवळाच्या खांबांसारखे सरळ वर गेलेले आहेत. खाली नेच्यांची दाटी असते. त्यांतील काही नेचे माडासारखे खोड धरून उंच वाढतात. माती हलकी व सच्छिद्र आहे, कारण तिच्यात ज्वालामुखीची राख आणि प्युमिस नावाचा दगड मिसळलेला आहे. हा दगड इतका हलका असतो, की पाण्यात टाकला तर तो तरंगतो. पाऊस पडून गेला तरी अशा मातीतून पाणी लवकर झिरपून जाते. त्यामुळे पावले चिखलात फारशी रुतत नाहीत.

रानवाटेवर धावणे हे मैदानावर धावण्यासारखे नसते. मैदानावर नजर दूरच्या खुणेवर ठेवून लांब ढांगा टाकता येतात. येथे वाटेवर झाडांची मुळे आडवी पसरलेली असतात, दगड सुटे असतात, वळणामागे काय आहे ते दिसत नाही. म्हणून धावणारा पावले लहान टाकतो, गुडघे किंचित वाकलेले ठेवतो आणि नजर चार पावले पुढे ठेवतो. चढ आला की अनुभवी माणूस खुशाल चालू लागतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. उताराला मात्र तो विशेष सावध असतो. रानवाट प्रत्येक पावलाला विचार करावयास लावते. या रानात एक दिलासा आहे. न्यूझीलंडच्या भूमीवर साप नाहीत. उलट, पंख्यासारखी शेपटी असलेला एक चिमुकला पक्षी पुष्कळदा वाटसरूच्या मागे मागे येतो. त्याला आपली सोबत हवी असते असे नव्हे. आपल्या पावलांनी उडालेले किडे टिपण्यासाठी तो येतो.

वन संपते आणि टिकीटापू सरोवर समोर येते. याच्या तळाशी फिकट रंगाची ज्वालामुखीय वाळू व प्युमिस आहे. त्यामुळे पाणी गडद निळे दिसते. याला भोवताली साडेपाच किलोमीटरांची वाट आहे. सुटीच्या दिवशी येथे मुले पोहतात, होड्या वल्हवितात, हसण्याओरडण्याने काठ दुमदुमतो. लगतच एका अरुंद डोंगरधारेपलीकडे रोटोकाकाही सरोवर आहे. त्याचे पाणी हिरवट दिसते. पण तेथे एकही होडी दिसत नाही, कोणी पोहताना दिसत नाही. हे सरोवर माओरी लोकांच्या मालकीचे असून ते त्यांना पवित्र आहे. त्याच्या पाण्यात इतरांनी उतरू नये असा नियम आहे. धारेवर उभे राहिले, की एका बाजूस निळे व दुसऱ्या बाजूस हिरवे पाणी दिसते. एक सर्वांना खुले, दुसरे केवळ दुरून पाहण्याचे. धावणारे येथे क्षणभर थांबतात, हिरव्या पाण्याकडे पाहतात आणि पुढे जातात.

थोड्या अंतरावर टे वाइरोआ नावाचे गाव होते. ‘होते’ असे म्हणावयाचे कारण पुढे येईल.

एकोणिसाव्या शतकात हे गाव जगाच्या नकाशावर आले ते रोटोमाहाना सरोवराच्या काठावरील दोन नवलांमुळे. तेथील उकळत्या झऱ्यांच्या पाण्यात सिलिका नावाचे खनिज विरघळलेले असे. पाणी उतारावरून वाहताना निवे आणि खनिजाचा थर मागे राही. शेकडो वर्षे थरावर थर बसत गेले आणि प्रचंड पायऱ्यांचा घाट तयार झाला. प्रत्येक पायरीवर ऊन पाण्याचे कुंड होते. एक घाट पांढरा शुभ्र, त्याचे नाव टे टाराटा. दुसरा गुलाबी छटेचा, त्याचे नाव ओटुकापुआरांगी. ते पाहण्यासाठी युरोपातूनही प्रवासी येत. टे वाइरोआत मुक्काम करून, होडीने टारावेरा सरोवर ओलांडून ते घाटापर्यंत जात. टुहोउरांगी या जमातीचे लोक त्यांचे वाटाडे होत. त्या वाटाड्यांत सोफिया हिनेरांगी ही फार प्रसिद्ध होती. ती माओरी व इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम बोले आणि प्रवासी तिचा शब्द मानीत.

१८८६ सालच्या ३१ मे रोजी सोफिया काही प्रवाशांना घेऊन होडीने निघाली होती. त्या दिवशी सरोवराच्या पाण्याची पातळी एकाएकी खालीवर झाली. पुढे गेल्यावर होडीतील लोकांना दुरून एक मोठी माओरी युद्धनौका जाताना दिसली, असे त्यांनी नंतर सांगितले. तशी नौका त्या सरोवरात कोणाकडेच नव्हती. ते दृश्य काय होते, हे कोणी सांगू शकले नाही. पण पाण्याची ती हालचाल जमिनीखाली चाललेल्या घडामोडींची खूण असावी, असे आज वाटते. त्या वेळी मात्र तिचा अर्थ लावण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. सरोवरापलीकडे उभा असलेला टारावेरा पर्वत माणसांच्या आठवणीत कधीच पेटलेला नव्हता. तो ज्वालामुखी आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

१० जून १८८६. मध्यरात्र उलटून गेली होती. भूकंपाच्या धक्क्यांनी गाव जागे झाले. लोक बाहेर येऊन पाहतात तो टारावेराच्या माथ्यातून अग्नीचे स्तंभ वर उसळत होते आणि काळ्या ढगात विजा नाचत होत्या. एकामागून एक पर्वताची तिन्ही शिखरे फुटली. पहाटे साडेतीनच्या सुमारास भेग रोटोमाहाना सरोवराखाली पोहोचली. तप्त शिलारस आणि सरोवराचे पाणी यांची गाठ पडली. क्षणात पाण्याची वाफ झाली आणि तळचा सारा चिखल आकाशात उडाला. तो स्फोट ऑकलंडपर्यंत ऐकू गेला. पर्वतापासून सरोवराच्या पलीकडपर्यंत सुमारे १७ किलोमीटर लांबीची भेग जमिनीला पडली. सकाळी सहाच्या सुमारास सर्व शांत झाले. परंतु राखेच्या ढगामुळे उजाडल्यासारखे वाटत नव्हते.

त्या रात्री टे वाइरोआवर चिखल, राख आणि दगड यांचा वर्षाव झाला. छपरे भाराने मोडू लागली. गावातील शाळेचे शिक्षक चार्ल्स हॅझर्ड हे घर कोसळून मरण पावले. त्यांच्या मुलांपैकीही काही जण दगावले. सोफियाचे घर मात्र भक्कम होते. त्याच्या भिंतींना लाकडांचा आधार दिलेला होता आणि छप्पर कोकणातील घरांसारखे चांगले उतरते होते. त्यामुळे त्यावर पडलेला चिखल घसरून खाली जाई. सोफियाने येईल त्याला आत घेतले. साठांहून अधिक माणसे त्या लहानशा घरात दाटीवाटीने रात्रभर उभी राहिली. बाहेर जग बुडत होते आणि आत ती सर्वांना धीर देत होती. सकाळी ती सर्व माणसे जिवंत बाहेर आली.

पर्वताच्या जवळची टे अरिकी व मोउरा ही गावे मात्र माणसांसह गाडली गेली. एकंदर सुमारे १२० लोक मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक माओरी होते. पांढरा व गुलाबी घाट नाहीसे झाले. चार्ल्स ब्लोमफील्ड या चित्रकाराने काढलेल्या चित्रांतून ते कसे होते याची आज कल्पना येते. रोटोमाहाना सरोवराचा तळ फुटून तेथे मोठा खड्डा पडला आणि पुढे पाणी साठून ते पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे व खोल झाले.

या दुःखद कथेत आणखी एक प्रसंग आहे. टे वाइरोआत टुहोटो अरिकी नावाचा अतिवृद्ध माओरी पुरोहित राहत असे. प्रवाशांच्या पैशामुळे लोक जुने आचार विसरले, म्हणून तो त्यांच्यावर रागावला होता. उद्रेक झाल्यावर, याच्याच शापाने हे घडले, असे पुष्कळांना वाटले. त्याची झोपडी चिखलाखाली होती, तरी ती उकरण्यास ते तयार होईनात. चार दिवसांनी शोधपथकातील लोकांनी ती उकरली, तेव्हा तो म्हातारा आत जिवंत आढळला! पुढे थोड्याच दिवसांनी तो वारला. आपली माणसे गमावलेल्यांचा राग कोणावर तरी निघतो, हे आपण समजू शकतो. पण पर्वत शापाने फुटला नव्हता. खोलवरून वर चढलेल्या शिलारसाने त्याला फोडले होते. हे ज्ञान तेव्हा असते, तर एका निरपराध वृद्धाला चार दिवस अंधारात काढावे लागले नसते. ज्ञानाने माणूस नुसता शहाणा होत नाही, तो न्यायी होतो, हे यावरून लक्षात येईल.

त्या शिलारसाविषयी आपणांस जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. टारावेरा पर्वत मुख्यतः फिकट रंगाच्या, चिकट लाव्हाचा बनलेला आहे. पण १८८६ साली त्यातून जो बाहेर पडला, तो काळा बेसॉल्ट होता. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे तो बहुतांशी पातळ लाव्हाच्या रूपाने दूरवर वाहत गेला व त्याचे थर बसले. टारावेराला मात्र त्याच जातीच्या शिलारसाने विलक्षण जोराचा स्फोट घडविला. खडक एक, पण त्याच्या वागण्याच्या तऱ्हा दोन!

वाचलेल्या टुहोउरांगी लोकांना गाव सोडावे लागले. पुष्कळ जण फाकारेवारेवा येथे जाऊन राहिले. सोफियाही तेथे गेली आणि उकळत्या झऱ्यांमधून प्रवाशांना वाट दाखविण्याचे काम तिने पुन्हा सुरू केले. १९११ साली ती मरण पावली.

आता आपण पुन्हा वाटेला लागू. टे वाइरोआपासून टारावेरा सरोवराच्या दक्षिण काठाने १५ किलोमीटरांची एक पायवाट जाते. ती २०१३ साली खुली झाली. तिच्या मार्गातील जमिनी माओरी कुटुंबांच्या आहेत आणि त्यांच्या संमतीनेच ही वाट झाली आहे. एके काळी राखेने करपून गेलेल्या या उतारांवर आज पुन्हा दाट रान उगवले आहे. झाडांच्या फटींतून सरोवर चमकते आणि पलीकडे टारावेरा दिसतो. त्याची उंची १,१११ मीटर आहे. त्याचा माथा मधोमध चिरलेला असून चिरेत लालकाळे दगड पसरलेले आहेत. त्या शिखरावर मनात येईल तेव्हा जाता येत नाही. ते माओरींचे पवित्र स्थान आहे. त्यांनी नेमलेल्या वाटाड्याबरोबरच तेथे जावे लागते.

वाट एका किनाऱ्यावर संपते. तेथे जमिनीतून ऊन पाणी झिरपून सरोवराच्या थंड पाण्यात मिसळते. दमलेला धावपटू पाय पाण्यात सोडून बसतो. पण त्याला तेथेही भान ठेवावे लागते, कारण काही ठिकाणी पाणी अंग भाजण्याइतके कढत असते. उष्णतेचे मूळ अजून खाली जागे आहे.

सरोवराचे पाणी पूर्वेकडील टोकातून टारावेरा नदी होऊन बाहेर पडते. काही अंतर गेल्यावर ती जमिनीखाली गुप्त होते आणि पुढे एका उंच कड्याच्या भेगांतून एकदम बाहेर उडी घेते. हा धबधबा ६५ मीटर उंच आहे. कड्याच्या पोटातून फुटणारे ते पाणी पाहिले, की धावणाऱ्याचा शीण नाहीसा होतो.

या सरोवरांमधील पायवाटांवर २००९ साली लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत सुरू झाली. तिच्यातील सर्वांत लांब टप्पा शंभर मैलांहून अधिक, म्हणजे १६० किलोमीटरांहून जास्त आहे. काही धावपटू रात्रीसुद्धा कपाळावर दिवा बांधून धावतात. शर्यतीच्या आरंभी माओरी लोक आपल्या रीतीप्रमाणे पाहुण्यांचे स्वागत करतात. ज्यांच्या पूर्वजांची घरे या मातीखाली आहेत, तेच लोक धावणाऱ्यांना ‘या’ असे म्हणतात. न्यूझीलंडच्या शासनाने २००६ साली कायदा करून येथील १३ सरोवरांचे तळ टे अरावा लोकांना परत दिले.

शर्यतीत पहिला येणारा एकच असतो. पण या वाटेवर येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट मिळते. पायांखालची जमीन ही नुसती जमीन नाही, ती कोणाचे तरी घर आहे, कोणाचे तरी स्मशान आहे आणि अजून घडत असलेली पृथ्वी आहे, हे त्याला कळते. मग तो सांगितलेल्या वाटेनेच जातो, कचरा टाकीत नाही, बंदी असलेल्या पाण्यात उतरत नाही. वेगाने धावणाऱ्या माणसालाही हळुवारपणे पाऊल टाकता येते.

शब्दार्थ

पेव – धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार. शिलारस – भूगर्भातील वितळलेला खडक. नेचे – फुले न येणारी, झालरीसारख्या पानांची एक वनस्पती. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला. वाटाड्या – वाट दाखविणारा. शीण – थकवा.

स्वाध्याय

१. रोटोरुआ सरोवर कसे निर्माण झाले? पेवाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. रानवाटेवर धावताना कोणती काळजी घ्यावी लागते?

३. सोफियाच्या घरात आलेले लोक कशामुळे वाचले? दोन कारणे सांगा.

४. टुहोटो अरिकीवर लोकांनी अन्याय केला, असे लेखकाला का वाटते?

५. कारणे द्या : (अ) टिकीटापूचे पाणी निळे दिसते. (आ) रोटोमाहानाखाली मोठा स्फोट झाला.

६. ‘वेगाने धावणाऱ्या माणसालाही हळुवारपणे पाऊल टाकता येते’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

७. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या पायवाटेची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.